किडब्रुक: सगळ्यांची शाळा आणि शेजारची ग्रामर

सप्टेंबर 1954. लंडनच्या आग्नेयेला, शूटर्स हिलच्या जवळ, मुलींची एक नवी शाळा सुरू झाली. नाव किडब्रुक. सुमारे 2,000 मुलींसाठी बांधलेली. प्रयोगशाळा, टायपिंगच्या खोल्या, शिवणकामाचे आणि स्वयंपाकाचे वर्ग, व्यायामशाळा आणि मोठ्या घुमटाचं सभागृह. मांसावरचं रेशनिंग उठून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. अशा काटकसरीच्या काळात मजुरांच्या मुलींसाठी असली इमारत उभी राहिली, याचंच लोकांना अप्रूप होतं आणि काहींच्या पोटात दुखतही होतं.

शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह होती, म्हणजे प्रवेशासाठी चाळणी न लावणारी आणि परिसरातल्या सगळ्या मुलींना एका छपराखाली घेणारी. याच हेतूनं नव्यानं बांधलेली लंडनमधली ही पहिली शाळा. गेल्या सत्तर वर्षांत तिच्यावर इतकं काही घडून गेलं आहे, की इंग्लंडच्या माध्यमिक शिक्षणाचा इतिहास समजून घ्यायचा तर एवढी एक शाळा पुरते. माझ्या मते तिच्या पुढच्या बऱ्याच कहाणीचं बीज मात्र ती उघडण्याच्या सहा महिने आधीच पेरलं गेलं होतं, आणि तेही तिच्या आवारात नाही, शेजारच्या शाळेत.

अकराव्या वर्षी लागणारा निकाल

इंग्लंडमध्ये 1944 च्या शिक्षण कायद्यानं माध्यमिक शिक्षण सगळ्यांना मोफत केलं. प्रत्येक मुलाला त्याचं वय, कुवत आणि कल पाहून शिक्षण मिळावं, असं कायद्यात होतं. शाळा तीन प्रकारच्या असाव्यात असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते व्यवहारात आलं. हुशारांसाठी ग्रामर, यंत्रांकडे ओढा असणाऱ्यांसाठी टेक्निकल आणि उरलेल्यांसाठी सेकंडरी मॉडर्न. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात दोनच डबे राहिले. कोण कुठल्या डब्यात बसणार हे अकराव्या वर्षीच्या परीक्षेत ठरायचं. तिला सगळे इलेव्हन-प्लस म्हणत.

आपल्याकडची चौथीची स्कॉलरशिप आठवा, पण फरक लक्षात घ्या. स्कॉलरशिप हुकली तर महिन्याचे काही रुपये हुकायचे. इलेव्हन-प्लस हुकली तर शाळाच बदलायची. पास होणारी मुलं साधारण पाचातली एक, फार तर चारातली एक. हे प्रमाणही गावागणिक वेगळं, कारण ते मुलांच्या हुशारीवर नाही, त्या भागात ग्रामरच्या जागा किती यावर ठरायचं. काही भागांत तर मुलींना मुलांपेक्षा जास्त गुण लागत. अकराव्या वर्षी मुली मुलांपुढे असत आणि जागा मात्र मुलांसाठी राखायच्या असत! सेकंडरी मॉडर्नमध्ये गेलेल्या बहुतेक मुली पंधराव्या वर्षी कुठलीही सार्वजनिक परीक्षा न देता बाहेर पडत आणि दुकानात, कारखान्यात किंवा कचेरीत लागत.

लंडन काउंटी कौन्सिलवर 1934 पासून मजूर पक्षाची सत्ता होती. कौन्सिलनं 1947 मध्ये शाळांचा जो आराखडा केला त्यात ही चाळणीच काढून टाकायचं ठरवलं. त्याआधी 1946 पासून वॉलवर्थसारख्या काही शाळा जुन्याच इमारतींत प्रयोग म्हणून चालू होत्या, वेल्समधल्या अँगलसी बेटानंही 1949 पासून हाच रस्ता धरला होता. पण लंडनसारख्या महानगरात, कोऱ्या जमिनीवर, याच कामासाठी आखलेली शाळा म्हणजे किडब्रुक.

दोन हजारच का?

या शाळेवर सगळ्यात जास्त टीका झाली ती तिच्या आकारावर. एवढी मोठी शाळा म्हणजे कारखाना, मुलीचं नावही बाईंना माहीत नसणार, वगैरे. टीका अगदीच खोटी नव्हती, पण आकारामागे एक साधा हिशेब होता.

शाळा सोडण्याचं वय तेव्हा पंधरा होतं. त्यानंतर सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, थांबणाऱ्या मुली थोड्याच. समजा एका वर्षात 300 मुली आल्या आणि शंभरातल्या पाच-दहा पुढे शिकायला थांबल्या, तर हातात राहणार पंधरा ते तीस. त्यांच्यात भौतिकशास्त्र, लॅटिन, फ्रेंच, गणित, इतिहास वाटून घ्यायचे. पट याहून लहान असेल तर वरच्या वर्गाला शिक्षक देणं परवडणारच नाही. सरकारच्या 1947 च्या परिपत्रकानंही अशा शाळेला दीड हजारांच्या वर पट लागेल असंच धरलं होतं. ग्रामरला हा प्रश्न नसतो, कारण ती निवडूनच घेते. सगळ्यांना घेणाऱ्या शाळेला मोठं व्हावंच लागतं. पुढे जास्त मुलं थांबू लागली तसा हा हिशेब बदलला आणि शाळा लहानही झाल्या, पण 1954 मध्ये तोच खरा होता.

हा हिशेब मी मुद्दाम मांडला. कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: त्या 300 मुलींत परिसरातल्या पुढे शिकू पाहणाऱ्या मुली असतील. त्याच दुसरीकडे गेल्या तर सगळा हिशेब कोसळतो.

एल्टम हिलचा निर्णय

किडब्रुकपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एल्टम हिल ही मुलींची ग्रामर शाळा होती. कौन्सिलची योजना अशी की आजूबाजूच्या काही शाळांबरोबर हीही शाळा बंद करायची आणि तिच्या मुली, तिचे शिक्षक, तिची परंपरा असं सगळंच नव्या शाळेत आणायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून किडब्रुकमध्ये सगळ्या थरांच्या मुली असतील.

पालक खवळले. 1944 च्या कायद्यानुसार स्थानिक कौन्सिलला एखादी शाळा बंद करायची असेल तर जाहीर नोटीस द्यावी लागे, आणि किमान दहा मतदारांना मंत्र्यांकडे हरकत नोंदवता येई. हरकती गेल्या. शिक्षणमंत्री होत्या फ्लॉरेन्स हॉर्सब्रा, हुजूर पक्षातर्फे मंत्रिमंडळात बसलेली पहिली स्त्री. त्यांनी 1954 च्या सुरुवातीला निर्णय दिला: किडब्रुक उघडा, पण एल्टम हिलला हात लावायचा नाही.

वरवर पाहिलं तर दोघांचंही समाधान झालं. नवी शाळा मिळाली, जुनीही राहिली. पालकांची बाजूही मला सहज टाकून देता येत नाही. आपल्या मुलीनं कष्टानं मिळवलेली जागा, ओळखीच्या बाई, युनिफॉर्मचा मान हे सगळं एका न बघितलेल्या प्रयोगाच्या हवाली कोण करेल? पुण्या-मुंबईतल्या एखाद्या नामांकित शाळेबद्दल उद्या असा प्रस्ताव आला तर पहिल्या दिवशी सह्यांची मोहीम कोण उघडेल, हे आपल्यालाही माहीत आहे. कदाचित मीसुद्धा सही करीन.

पण या निर्णयानं झालं असं, की सगळ्यांची शाळा सुरू झाली तेव्हा ‘सगळ्यां’मधला एक थर आधीच बाजूला काढून ठेवलेला होता. शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे की नाही हे तिच्या फाटकावरच्या पाटीवरून कळत नाही. शेजारी कोणती शाळा उभी आहे यावरून कळतं. परिसरात ग्रामर चालू असेल तर सगळ्यांना घेणारी शाळा ही फार तर चांगल्या इमारतीतली, चांगल्या शिक्षकांची सेकंडरी मॉडर्न होते. हॉर्सब्राबाईंनी शाळेचं दार उघडलं आणि तिच्या व्याख्येतला गाभा मात्र काढून घेतला.

मेरी ग्रीन यांची वीस वर्षं

तरीही किडब्रुक कोलमडली नाही, याचं बरंचसं श्रेय पहिल्या मुख्याध्यापिका मेरी ग्रीन यांना जातं. ब्रिस्टलमध्ये मुलींची शाळा चालवून त्या इथे आल्या आणि 1973 पर्यंत राहिल्या. 1968 मध्ये त्यांना ‘डेम’ किताब मिळाला. कामगार संघटनांवरच्या डोनोव्हन आयोगावर त्या होत्या, बीबीसीच्या गव्हर्नरही होत्या. कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेची मुख्याध्यापिका देशाच्या अशा मंडळांवर बसते, ही गोष्टच तेव्हा शाळेची जाहिरात होती.

शाळेनं जे करून दाखवलं ते आकड्यांत पकडणं अवघड आहे. मूळ बदल साधा होता: अकराव्या वर्षी ‘नापास’ ठरलेली मुलगी इथे सोळाव्या वर्षी ओ-लेव्हलला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या सार्वजनिक परीक्षेला, बसू शकत होती. ज्या इमारतीत टायपिंग शिकवत होते त्याच इमारतीत रसायनशास्त्रही शिकवत होते. बाराव्या किंवा तेराव्या वर्षी एखादी मुलगी गणितात अचानक उमलली, तर तिला गावातल्या दुसऱ्या शाळेत हलवावं लागत नव्हतं, वरच्या मजल्यावर पाठवलं की झालं. इलेव्हन-प्लस उत्तीर्ण झालेल्या काही मुलींनीही आपखुशीनं किडब्रुक निवडली, पण शेजारी ग्रामर असताना ही निवड करणारे पालक थोडेच असणार.

आता एक अडचणीची बाब. लंडनच्या या पहिल्या पिढीच्या शाळांनी एका छपराखाली आणलेल्या मुलांना आत शिरताच पुन्हा कुवतीप्रमाणे तुकड्यांत वाटलं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. ‘अ’ तुकडीला चांगले सर, ‘फ’ तुकडीला पी.टी.चे मास्तर, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आज तेच ‘सेमी’ची तुकडी या नावानं चालतं. इतक्या मोठ्या पटात तर तुकड्यांची अक्षरमाला लांबच लांब जायची. चाळणी फाटकावरून काढली आणि वर्गाच्या दारात लावली, असं टीकाकार म्हणत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण अर्धंच. तुकडी बदलता येते, शाळा बदलता येत नाही, हा फरक छोटा नव्हे.

मूल गर्दीत हरवू नये म्हणून या शाळांनी हाऊसची पद्धत घेतली, म्हणजे शाळेतच मुलांचे लहान गट करायची. ती उसनी आणली होती महागड्या निवासी शाळांकडून. अशा शाळांचे विशेषाधिकार मोडायला निघालेल्यांनी त्यांचीच कल्पना उचलावी, ही गंमत तेव्हाही काहींच्या लक्षात आली होती.

लाट आली

1957 पर्यंत इंग्लंडमधल्याच अभ्यासकांनी इलेव्हन-प्लसच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. शिकवणीनं गुण वाढतात हे दिसलं, आणि दहा टक्क्यांच्या आसपास मुलं चुकीच्या शाळेत जातात हेही. गंमत म्हणजे ज्या मध्यमवर्गानं एल्टम हिलसाठी धावपळ केली, त्याच थरातले पुष्कळ पालक आता आपलं नापास झालेलं मूल सेकंडरी मॉडर्नमध्ये टाकायला तयार नव्हते. परीक्षेचा राग वरून खाली नाही, मधूनच उसळला.

जुलै 1965 मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांचं 10/65 क्रमांकाचं परिपत्रक निघालं. स्थानिक कौन्सिलांनी आपल्या भागातल्या शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह करण्याचे आराखडे पाठवावेत अशी त्यात ‘विनंती’ होती, सक्ती नव्हती. 1970 मध्ये शिक्षणमंत्री म्हणून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी ते परिपत्रक तातडीनं मागे घेतलं, आणि मग स्वतःच्याच कारकिर्दीत अशा शाळांचे तीन हजारांहून अधिक प्रस्ताव मंजूर केले, नाकारले ते साधारण तीनशे. थॅचरबाईंच्या सहीनं जेवढ्या शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह झाल्या तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच शिक्षणमंत्र्यांच्या काळात झाल्या नाहीत. गाडी उताराला लागली होती, ब्रेक दाबणाऱ्यालाही तिच्याबरोबरच जावं लागलं.

त्याच वर्षांत आपल्याकडे कोठारी आयोगाचं काम चाललं होतं (1964-66). सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक, आणि सदस्यांत लंडन विद्यापीठाच्या शिक्षण संस्थेचे संचालक लायोनेल एल्विन होते. आयोगानं ‘समान शाळा’ आणि परिसरशाळेची शिफारस केली, म्हणजे ज्या वस्तीतलं मूल त्या वस्तीतल्या शाळेत, साहेबाचं आणि शिपायाचं एकाच बाकावर. शिफारस सहा दशकं अहवालात आहे. इंग्लंडनं निदान करून पाहिलं.

किडब्रुकची वस्ती बदलते

1965 पासून लंडनच्या आतल्या भागातल्या शाळा आयएलईए या शिक्षण प्राधिकरणाकडे आल्या. शेजारच्या ग्रामरमुळे होणारी गळती त्यांना दिसत होती. त्यांनी उपाय काढला तो बँडिंगचा: प्राथमिक शाळा सोडणाऱ्या मुलांचे वरचे 25, मधले 50 आणि खालचे 25 टक्के असे गट करायचे, आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत तिन्ही गटांतली मुलं येतील असं पाहायचं. चाळणीच, पण उलटी, वेगळं करण्यासाठी नाही तर मिसळण्यासाठी. या सगळ्या कहाणीतली मला सगळ्यात शहाणी वाटलेली युक्ती हीच.

दरम्यान शाळेच्या शेजारी फेरियर इस्टेट उभी राहिली, 1960 च्या अखेरीपासून बांधलेली काँक्रीटच्या सरकारी घरांची मोठी वसाहत. काही वर्षांत ती लंडनमधल्या सगळ्यात गरीब वस्त्यांपैकी एक झाली. 1971 मध्ये किडब्रुक भागातच थॉमस टॅलिस ही दुसरी कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा उघडली. 1980 च्या दशकात किडब्रुकमध्ये मुलगेही आले. मुलींची शाळा ही तिची ओळख पुसली गेली.

मग 1989 चा ‘ग्रीनिच निकाल’. किडब्रुक ज्या हद्दीत येते त्या ग्रीनिच कौन्सिलला आपल्या शाळांत आपल्याच हद्दीतल्या मुलांना आधी प्रवेश द्यायचा होता. हद्दीपलीकडच्या लुइशममधल्या जॉन बॉल प्राथमिक शाळेची मुलं त्यामुळे बाहेर पडत होती. अपील न्यायालयानं सांगितलं की केवळ कौन्सिलची हद्द हे कारण चालणार नाही. निकाल न्याय्य होता यात शंका नाही. पण त्याचा अर्थ असाही झाला की शेजारच्या बेक्सलीनं आपल्या ग्रामर शाळा मोडल्या नव्हत्या, तिथे ग्रीनिचची हुशार मुलं परीक्षा देऊन जाऊ शकत होती. 1954 मध्ये ग्रामर चालत जायच्या अंतरावर होती, आता बसच्या. पुढच्याच वर्षी आयएलईए बरखास्त झालं आणि लंडनच्या आतल्या भागाचा तोल सांभाळणारं कोणी उरलं नाही. लागोपाठ परीक्षांच्या निकालांच्या क्रमवारी छापायला सुरुवात झाली. सगळ्यांना घेणारी शाळा आणि निवडून घेणारी शाळा एकाच यादीत, एकाच रकान्यात!

37 पेन्सचं जेवण

2005 मध्ये किडब्रुक घराघरांत पोहोचली ती शिक्षणामुळे नव्हे, स्वयंपाकघरामुळे. जेमी ऑलिव्हर या शेफनं शाळेतल्या जेवणावर चॅनल 4 साठी मालिका केली आणि शूटिंगसाठी किडब्रुकचं स्वयंपाकघर निवडलं. तिथल्या मुख्य आचारी नोरा सँड्स देशभर परिचयाच्या झाल्या. एका मुलाच्या ताटातल्या जिन्नसांवर खर्च व्हायचे 37 पेन्स. त्यात काय मिळणार? टर्की ट्विझलर्स, म्हणजे प्रक्रिया केलेल्या मांसाच्या गुंडाळ्या, आणि चिप्स.

हे एका स्वयंपाकघराचं पाप नव्हतं. 1980 च्या कायद्यानं शाळेच्या जेवणाचे पोषणाचे निकष आणि सगळ्यांना जेवण देण्याचं बंधन काढून टाकलं होतं. नंतर खानावळींसाठी निविदा सक्तीच्या झाल्या आणि कंत्राट मिळालं स्वस्तात देणाऱ्याला. आपल्याकडच्या पोषण आहाराच्या खिचडीला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं. निदान डाळ-तांदूळ तरी असतो.

मालिकेत मुलं नव्या जेवणावर नाकं मुरडतात, नोराबाई जेमीवर वैतागतात, सगळं खरं आणि बघण्यासारखं. 2,71,677 सह्यांचा अर्ज पंतप्रधानांच्या दारात गेला आणि सरकारनं शाळेच्या जेवणासाठी 28 कोटी पौंड जाहीर केले. दोन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर ग्रीनिचच्या प्राथमिक शाळांतले आकडे तपासले, तेव्हा इंग्रजी आणि विज्ञानाचे निकाल सुधारलेले आणि आजारपणासारख्या कारणांनी होणारी गैरहजेरी सुमारे 15 टक्क्यांनी उतरलेली दिसली.

मला यातली खटकणारी गोष्ट वेगळी आहे. जी शाळा एके काळी टायपिंगपासून रसायनशास्त्रापर्यंत सगळं देणारी म्हणून पाहुण्यांना दाखवत, ती आता गरिबांच्या पोरांच्या ताटात काय पडतं हे दाखवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे उभी होती. पन्नास वर्षांत शाळेच्या फाटकातून कोण आत येतं आणि कोण दुसरीकडे जातं, हे त्या ताटांवरून कळत होतं.

नाव जातं

2011 मध्ये किडब्रुक अकॅडमी झाली, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या कारभारातून बाहेर पडून थेट सरकारी निधीवर ट्रस्टमार्फत चालणारी. ज्या कौन्सिल-नियोजनातून ती जन्मली होती तेच संपलं. नाव बदललं: कोरेली कॉलेज, रस्त्याच्या नावावरून. या ट्रस्टचं तत्त्व सहकाराचं होतं, हे सहकारी कारखान्यांच्या महाराष्ट्राला जरा ओळखीचं वाटेल. 2018 मध्ये शाळा ली अकॅडमीज ट्रस्टकडे गेली आणि नाव पुन्हा बदललं. आता ती हॅली अकॅडमी आहे. धूमकेतूवाला एडमंड हॅली जवळच्याच ली गावच्या चर्चच्या आवारात पुरलेला आहे. फेरियर इस्टेटही पाडली गेली, तिथे आता नव्या, महाग घरांचं ‘किडब्रुक व्हिलेज’ आहे. गावाचं नाव बिल्डरांनी उचललं आणि शाळेनं सोडलं.

आणि एल्टम हिल? मंत्र्यांनी 1954 मध्ये वाचवलेली ती ग्रामर 1970 च्या दशकात स्वतःच कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली. आज तिथे प्रवेशासाठी परीक्षा नाही. मुलींची शाळा, सगळ्या थरांतल्या मुलींसाठी, आणि नाव अजून तेच आहे.